आधी वास घेऊन बघ

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "आबा, महिन्याच्या सामानात तेल कुठलं घेऊ?" एवढ्याशा प्रश्नावर मी गप्प झालो आणि तुला वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती. तेल या विषयावर मी बार्शीत चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून लोकांना सांगत आलो, पण गेल्या चार वर्षांत माझी काही मतं फिरली आहेत. ती फोनवर उरकण्यासारखी नाहीत, म्हणून लिहून पाठवतोय. अक्षर मोठं आहे, ओळी तिरक्या गेल्या असतील, तेवढं सांभाळून घे. वही आपल्या दुकानाची जुनी रोजकीर्द आहे. १९९८ ला घाणा बंद केला तेव्हा निम्मी कोरी राहिली होती. मुद्दाम हीच घेतली, कारण माझ्या डोळ्याचं दुखणं पहिल्यांदा हिनेच सांगितलं होतं.

दिवाळीनंतर जुनी उधारी बघत बसलो होतो. डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो चोळत होतो आणि नुसत्या उजव्या डोळ्याने पानाकडे पाहिलं, तर मधल्या दोन रेघा वाकलेल्या. पाण्यात काठी दिसते तशा. कागद दमटला असेल म्हणून पान उलटलं. पुढच्या पानावरही तेच, त्याच जागी. दोन दिवसांनी न्हाणीघराच्या दाराची चौकट मधे आत गेलेली दिसली. सुताराला बोलावून चांगला फैलावर घेतला. बिचाऱ्याने काही न बोलता ओळंबा काढला, चौकटीला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. चौकट सरळ होती. तरी मी डॉक्टरकडे गेलो नाही. मोतीबिंदू दोन्हीकडचे काढून झालेत, आता डोळ्याला काय व्हायचं राहिलंय, असा माझा हिशेब. चष्म्याचा नंबर बदलून आणला. नव्या चष्म्यातून वाकडी रेघ जास्त ठळक दिसायला लागली, एवढाच फरक. यात चार महिने गेले आणि उजव्या डोळ्याचा मधला भाग त्या चार महिन्यांत गेला.

तेव्हा पहिला मंत्र तेलाचा नाही, रेघेचा. सरळ वस्तू वाकडी दिसली की सुताराला नाही, डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरला गाठायचं. त्याच आठवड्यात.

सोलापूरला डॉक्टरीणबाईंनी मशीनपुढे हनुवटी टेकवायला सांगितली. दोन मिनिटांत स्क्रीनवर पडद्याचा उभा छेद आला, खारीच्या पुडांसारखे थरावर थर. उजव्या डोळ्यात मधोमध सगळे थर वर उचललेले आणि खाली पाणी. डाव्याचं चित्र बरं होतं, पण त्यातही सगळ्यात खालच्या थराखाली बारके उंचवटे होते, सारवणाखाली खडे राहून जावेत तसे. "हे ड्रुसेन," त्या म्हणाल्या. "यात बराचसा भाग चरबीचा असतो. वयाबरोबर साठत जातो." मी म्हणालो, "म्हणजे साका." त्यांना कळेना. तेलाचं पिंप महिनाभर हलवलं नाही की तळाशी जे बसतं त्याला आमच्यात साका म्हणतात, हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आबा, तुम्हाला हे दुखणं समजावणं सोपं जाणार."

नाव लांबलचक आहे, एज रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन. सगळे एएमडी म्हणतात. पडद्याच्या मधोमध पिवळसर ठिपका असतो, मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही कामं त्याची. पन्नाशीनंतर कुणाकुणाचा तो झिजायला लागतो. कोरड्या प्रकारात साका वाढतो आणि वरचा थर हळूहळू मरत जातो, हे वर्षानुवर्षं चालतं. ओल्या प्रकारात खालून नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, गळतात, आणि नजर काही आठवड्यांत जाते. माझा उजवा ओला, डावा कोरडा.

तुझ्या पणजीलाही हेच असणार, असं मला आता वाटतं. शेवटची आठ-दहा वर्षं ती घरभर न धडपडता फिरायची, परसातल्या रांजणातून पाणी काढायची, पण दारात आलेल्याला "कोण?" म्हणून विचारायची. बोलताना तोंडाकडे न बघता कानाकडे बघायची. नव्या सुनांना वाटायचं सासूबाई घुश्शात आहेत. तिला मधलं दिसत नव्हतं, कडेचं दिसत होतं, म्हणून ती कडेने बघत होती. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं. अर्थात तेव्हा उपायही नव्हता. ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली २००५-०६ च्या सुमाराला. मला आधी महिन्याला एक अशी तीन दिली, आता लांबवत लांबवत देतात. डोळ्यात सुई म्हटलं की अंगावर काटा येतो, पण थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि दहा सेकंदांत काम होतं. दाढ काढायला जास्त त्रास होतो.

आता तेल.

खवट म्हणजे काय हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, घाण्यावर शिकलो. शेंगदाण्याचं तेल बंद डब्यात सहा महिने सहज राही. करडईचं त्याच्या निम्मं. जवसाचं उन्हाळ्यात महिनाभरही नाही. जवसाचं तेल खाणाऱ्यापेक्षा सुतार आणि रंगारीच जास्त नेत. ते लाकडावर फासलं की हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सुकून कातडीसारखं घट्ट होतं. क्रिकेटच्या बॅटला लावतात ते तेच. याचं कारण पुढे तुझ्या बापाने रसायनशास्त्राच्या पुस्तकातून सांगितलं. तेलाच्या साखळीत कमजोर सांधे असतात, दुहेरी बंध. शेंगदाणा तेलातल्या ओलिक आम्लात एक, करडईच्या लिनोलिकमध्ये दोन, जवसाच्या लिनोलेनिकमध्ये तीन. सांधे जितके जास्त तितका ऑक्सिजन लवकर चिकटतो आणि तेल तितकं लवकर खवट होतं. नाकाने जे ओळखत होतो त्याचा हा हिशेब.

आणि डोळ्यात काय आहे ऐक. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या टोकांच्या वेष्टनात जी मेदाम्लं असतात, त्यातलं निम्म्याच्या आसपास डीएचए असतं. माशाच्या तेलातलं. त्यात सांधे सहा. म्हणजे जवसाच्या दुप्पट नाजूक तेल, त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत उजेड, आणि खालून रक्ताचा आणि ऑक्सिजनचा मुबलक पुरवठा. तेल खवट करायचं असेल तर याहून सोयीची जागा मी शोधून काढू शकलो नसतो!

म्हणून शरीराने तिथे दोन बंदोबस्त केलेत. एक, या टोकांचा सुमारे दहावा हिस्सा रोज झडतो, खालचा थर तो गिळून पचवतो आणि वर नवं टोक वाढतं. दहा-बारा दिवसांत सगळा माल नवा. दुसरा बंदोबस्त तो पिवळा रंग. ल्युटिन आणि झिॲक्झँथिन ही दोन रंगद्रव्यं मॅक्युलात भरून ठेवलेली असतात. ती निळा प्रकाश अडवतात आणि खवटपणा रोखतात. ती शरीर तयार करू शकत नाही. पालेभाजी, मका, अंड्याचा बलक यांतूनच यावी लागतात.

तो गिळणारा थर म्हणजे आमच्या घाण्याचा बैल. सत्तर वर्षं एकाच वाटेवर फिरतो. तो रक्तातूनही चरबी घेतो, लागेल ती वापरतो आणि उरलेली थेंब-थेंब करून खालच्या बाजूला टाकतो. खाली एक गाळणीसारखं पातळ कापड असतं, ब्रुखचा पडदा. तरुणपणी चरबी त्यातून निघून जाते. वय झालं की कापड चोंदतं. तेल गाळायचं फडकं महिनाभर न धुता वापरलंस तर काय होईल, तेच. अमेरिकेत अलाबामाला क्रिस्टीन कर्सिओ नावाच्या बाई आयुष्यभर हेच फडकं तपासत आल्या आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या एका लेखाला नावच 'तेलगळती' असं दिलं. त्यात एक गोष्ट अशी की या साठलेल्या चरबीत डीएचए कमी आणि लिनोलिक बरंच सापडतं. म्हणजे ती झडलेल्या टोकांची कमी आणि रक्तातून, पर्यायाने ताटातून आलेली जास्त असावी. फोनने मला हे वाचून दाखवलं त्या दिवशी मी जेवलो नाही. लिनोलिक म्हणजे कोण, हे मला माहीत होतं. लिनोलिक म्हणजे करडई.

करडईवर आपलं घर उभं राहिलं. फेब्रुवारीत पहाटे दव असताना तिची काढणी चाले, कारण ऊन चढलं की काटे हाताला लागू देत नाहीत. कोवळेपणी तिचीच भाजी, पुढे तिचंच तेल, पेंड बैलाला. १९८० च्या दशकात शहरात करडईच्या तेलाला हृदयाचं तेल म्हणून मान मिळाला. तेव्हा मी दुकानावर पाटीच लावली होती, "हृदयासाठी करडई". कोलेस्टेरॉल उतरतं हे खोटं नव्हतंच. पण त्या तेलात पाऊण हिस्सा लिनोलिक, आणि शरीरात जवस-माशाची चरबी आणि लिनोलिक यांचा माल एकाच घाण्यावर गाळला जातो. एकाची पोती भरमसाट आली की दुसऱ्याचा नंबर लागत नाही.

बॉस्टनच्या जोहाना सेडन यांनी २००१ मध्ये ताटातली चरबी आणि हा आजार यांचा हिशेब मांडला. वनस्पती तेलं जास्त खाणाऱ्यांत पुढच्या टप्प्याचा आजार जास्त निघाला, आणि माशाचा फायदा दिसला तो लिनोलिक कमी खाणाऱ्यांतच. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागात लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. आठवड्यातून एकदा मासे खाणाऱ्यांत आजाराची सुरुवात कमी झाली, आणि तिथेही ती मुख्यतः लिनोलिक कमी खाणाऱ्यांत. दोन खंड, दोन वेगळ्या पाहण्या आणि माप एकच पडतंय, म्हणून मी याला वजन देतो. अशा पाहण्या म्हणजे काटेतोल पुरावा नाही हेही खरं. मासे खाणारा माणूस आणखीही दहा गोष्टी चांगल्या करत असेल.

म्हणून करडई टाकून दे असं मी म्हणणार नाही. सारखी तीच नको. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तिन्ही लिनोलिकच्याच घरातली. घरात सूर्यफूल, फरसाणात सोयाबीन आणि "तेल बदललं" म्हणून करडई आणलीस, तर बदललं काहीच नाही. रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचं ठेव, अधूनमधून करडई. आणि माप धर. तुम्ही दोघं आहात, महिन्याला दीड लिटरच्या वर तेल जाता कामा नये. ते माणशी रोजचं बावीस-तेवीस ग्रॅम होतं. बाहेरचं खाणं त्यातून वजा करायचं. तेल विकून जगलेला माणूस हे सांगतोय, तेव्हा ऐक.

हल्ली पुण्यात लाकडी घाण्याची फॅशन आली आहे असं ऐकतो. चांगलं आहे, चव येते. पण घाण्याचं तेल शुद्ध केलेलं नसतं, त्याला वेळीच संपवावं लागतं. पारदर्शक बाटलीत भरून उन्हाच्या फळीवर मांडलेलं घाण्याचं तेल पाहिलं की माझा जीव जातो. अशा दुकानातून घेऊ नकोस. घेण्याआधी एक थेंब तळहातावर टाक, दुसऱ्या तळव्याने खसखसून चोळ आणि गरम झाला की हुंग. दाण्याचा वास आला तर घे. जुन्या पेटीचा, रंगाच्या डब्याचा वास आला तर बाटली परत फळीवर. अर्धा लिटरच आण. गॅसच्या बाजूच्या कट्ट्यावर ठेवू नकोस, आपल्या सगळ्या घरांत तेलाची बरणी नेमकी तिथेच असते.

तळण. तळलेलं तेल पुन्हा तळायला नाही. गाळून, थंड करून, दोन दिवसांत फोडणीत संपवायचं, आणि जुन्यात नवं ओतायचं नाही. काळपट झालं, घट्ट झालं, पदार्थ टाकताच फेस धरला, नेहमीपेक्षा आधी धूर निघाला, तर ते गेलं. बाहेर वडा खायचाच झाला तर कढई बघून खा. सरकारने २०१८ पासून हॉटेलच्या तळणाच्या तेलावर माप घातलंय. बिघडलेला भाग २५ टक्क्यांच्या वर गेला की ते तेल टाकायचं. पण गाडीवाल्याकडे कोण मोजतंय? तुझं नाक आणि डोळे, दुसरं काय.

वनस्पती तूप आम्ही दुकानात ठेवलं होतं, पिवळ्या डब्यातलं. लग्नाच्या बुंदीला लोक तेच मागत. तेलात हायड्रोजन घालून ते सांधेच मोडून काढायचे, म्हणजे तेल खवट होत नाही आणि तुपासारखं थिजतं. व्यापाऱ्याला याहून काय हवं? पण अर्धवट मोडलेल्या सांध्यांतून ट्रान्स फॅट तयार होतं. ते हृदयाला वाईट हे आता शाळेतली पोरंही सांगतात. डोळ्याचंही ऐक. सेडनबाईंनी २००३ मध्ये साठीच्या पुढच्या २६१ रुग्णांचा हिशेब दिला. बेकरीचा तयार माल जास्त खाणाऱ्यांचा आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दुप्पट, आणि अक्रोड-बदामासारखा सुका मेवा खाणाऱ्यांचा कमी. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेलातुपातलं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. पाकिटावर "हायड्रोजनेटेड" किंवा "शॉर्टनिंग" वाचलंस तर ठेवून दे. सुट्ट्या खारीवर काही छापलेलं नसतं. तुझी संध्याकाळची खारी मला माहीत आहे. तिच्या जागी दोन अक्रोड खा, एवढंच म्हणतो.

साजूक तुपाबद्दल तू विचारणारच. वरणभातावर चमचाभर घे. डबेच्या डबे रिचवणाऱ्यांनी "पारंपरिक" म्हणून स्वतःची समजूत काढू नये. अमेरिकेतल्या बीव्हर डॅम गावच्या पाहणीत १९९५ साली अशा घट्ट चरबीचं नाव या आजाराच्या सुरुवातीशी जोडलं गेलं होतं.

जवस. हे मात्र नीट वाच. जवसाचं तेल आणू नकोस, अख्खे जवस आण. दाण्याच्या आत तेल सुरक्षित असतं, दळलं की घड्याळ सुरू. कढईत मंद आचेवर सतत हलवत भाज. आधी एखादा दाणा उडेल, मग तडतड सुरू होईल. ती भरात आली की लगेच खाली उतरव, कढईतच ठेवलंस तर तळचा जवस कडू होतो. पूर्ण गार झाल्यावर लसूण, लाल तिखट, थोडं जिरं, मीठ घालून भरड वाट. मिक्सर दम घेत घेत फिरव, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. मोठ्या चमचाभर दळलेल्या जवसात दीड ग्रॅमच्या आसपास जवसाचं ते तीन सांध्यांचं आम्ल मिळतं. ज्वारीच्या भाकरीवर चमचाभर चटणी, रोज, झालं. अख्खे जवस गिळणारे लोक मी पाहिलेत, ते तसेच्या तसे बाहेर पडतात. चटणी तीन आठवड्यांपुरतीच कर. आणि शाकाहारी जावईबापूंना सांग, जवसाचं डीएचए शरीरात होतं पण फार थोडं, तेव्हा एक चमचा खाऊन पुन्हा पाकीटभर वेफर्स चालणार नाहीत.

तू मासे खातेस, ही तुझ्या आईची कृपा. ती मालवणची, आम्ही बार्शीचे. तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं मी पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा खाल्लं, तिरफळाने जीभ बधिर झाली आणि मी तिसरी भाकरी मागितली. डोळ्यासाठी पापलेट-सुरमईच्या भावाकडे बघत बसू नकोस. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे आहेत, स्वस्त आहेत. जून-जुलैत बोटी बंद असतात, तेव्हा बर्फातलं जुनं आणू नकोस. आठवड्यातून दोनदा पुरे, आणि कालवणात. तेलात बुडवून तळलास तर मासा कमी आणि कढईतलं तेलच जास्त पोटात जातं. सुका बांगडा पिवळा पडला असेल, घशाला खवखवला असेल, तर तो खवटच. तेलकट मासा वाळवला की त्याचं जवसासारखंच होतं.

पालेभाजीला फोडणी हवीच. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण वजनाच्या नादात तू भाज्या नुसत्या उकडून खातेस असं तुझी आई सांगत होती. ल्युटिन चरबीत विरघळतं. भाजीत तेलाचा थेंब नसेल तर पालक आतड्यावरून नुसता फिरून जातो. शंभर ग्रॅम पालकात दहा मिलिग्रॅमच्या वर ल्युटिन असतं. मेथी, शेवग्याचा पाला, अळू, सगळं चालेल. अंडं खात असशील तर बलक फेकू नकोस. गाजर रातांधळेपणासाठी, या दुखण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. गंमत म्हणजे बाजारातल्या ल्युटिनच्या कॅप्सूल झेंडूच्या पाकळ्यांपासून करतात. दसऱ्याला आपण दारावर बांधतो तीच जात.

कॅप्सूलवरून आठवलं. तुझ्या बापाने मला माशाच्या तेलाच्या गोळ्यांची मोठी बाटली आणून दिली होती. परत पाठवली. अमेरिकेत चार हजारांवर रुग्णांना पाच वर्षं अशा गोळ्या देऊन पाहिल्या, २०१३ मध्ये निकाल आला, या आजाराला उपयोग शून्य. मग पंचवीस हजारांहून जास्त लोकांवर पुन्हा पाहिलं, २०२० मध्ये तेच उत्तर. मासा ताटात आला तर तो खारीची, वेफर्सची जागा घेतो. गोळी कुणाचीच जागा घेत नाही, ती जेवणानंतर गिळायची असते.

जस्त, क आणि ई जीवनसत्त्व, ल्युटिन असलेली एक गोळी मला डॉक्टरीणबाईंनी दिली आहे, ती मी घेतो. ज्यांचा आजार मधल्या टप्प्यावर आहे त्यांच्यात पुढे जाण्याचा धोका ती साधारण पाव हिश्शाने कमी करते, हे २००१ मध्ये सिद्ध झालंय, फक्त तेव्हा तिच्यात ल्युटिनच्या जागी बीटा कॅरोटीन होतं. ज्यांना आजारच नाही त्यांच्यासाठी ती नाही. तुझ्या वयाला तर मुळीच नाही, मैत्रिणी घेतात म्हणून आणू नकोस. आणि बीटा कॅरोटीन असलेली गोळी बिडी-सिगारेट ओढलेल्याने घ्यायची नाही, तिने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

बिडीचं मी शेवटी ठेवलं, कारण सांगायला लाज वाटते. तीस वर्षं ओढली. घाण्याशी बसून, दिवसाला कट्टा. या आजारात माणसाच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच, ओढणाऱ्याला धोका दुप्पट ते चौपट. करडईला नावं ठेवून मी मोकळा होईन, पण माझ्या उजव्या डोळ्याचा हिशेब मांडायचा तर नावेच्या बाजूला करडई थोडी आणि बिडी फार. जावईबापू "कधीतरी पार्टीत" ओढतात असं ऐकलंय. त्यांना हे पान वाचायला दे.

राहता राहिला तुझा बाप. पणजी, मी, आणि पुढे तो. हा आजार घराण्यात उतरतो, २००५ मध्ये त्यातलं पहिलं मोठं जनुक सापडलं. तो चोपन्नचा झाला, एकदाही पडदा तपासून घेतलेला नाही. पुढच्या शनिवारी तो तुझ्याकडे येतोय. गणिताची चौकटीची वही घे, हाताच्या पंजाएवढा चौकोन आख, मधोमध पेनाने ठळक टिंब दे. स्वित्झर्लंडच्या मार्क आम्सलर नावाच्या डॉक्टरने काढलेली ही तपासणी आहे, पैसे पडत नाहीत. वाचायचा चष्मा घालून, हातभर नव्हे, फूटभर अंतरावर धरायचं. एक डोळा तळव्याने नीट झाकायचा आणि टिंबावरून नजर न हलवता सांगायचं, रेघा सरळ आहेत का, कुठे पुसल्यासारखं वाटतं का. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईटाला झाकून नेतो, मी तसाच फसलो. तो टाळाटाळ करेल, "मला स्पष्ट दिसतं" म्हणेल. मीही सुताराला हेच म्हणालो होतो. एकदा त्याचा पडदा थेंब टाकून तपासून घे, पुण्यात सोय पुष्कळ आहे, त्या दिवशी गाडी मात्र तू चालव.

त्याच्याबरोबर दोन डबे पाठवतोय. मोठ्यात अख्खे जवस आहेत, यंदाचे, फाल्गुनातले. छोट्यात चटणी, झाकणावर तारीख घातली आहे. बाटली शेंगदाण्याच्या तेलाची, आपल्या जुन्या घाण्याशेजारी नवा पोरगा बसलाय त्याच्याकडची. स्टीलची आहे ती, परत दे.